चिंधीचा माग, खोकडाचा माग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटनमध्ये ‘ट्रेल हंटिंग’वर, म्हणजे प्राणिजन्य वासाचा माग टाकून त्यावर शिकारी कळप सोडण्यावर, बंदी आणण्याच्या हालचालींविषयीचा मजकूर आपल्या अंकात वाचला. मजूर पक्षाने 2024 च्या निवडणूक जाहीरनाम्यात तसे आश्वासन दिले होते, तेव्हा बातमी खरी आहे. घोटाळा झाला आहे मथळ्यात आणि चित्रात. मथळा म्हणतो, ‘कोल्ह्याच्या वासावर धावणाऱ्या शर्यतीच्या कुत्र्यांवर बंदी’. खाली छापले आहेत उत्तर इंग्लंडच्या डोंगरात धावणारे, अंगावरचे केस भादरलेले, फासळ्या दिसणारे ट्रेल हाउंड. या कुत्र्यांना त्या बंदीचा धक्काही लागणार नाही. ज्यांना लागेल ते शिकारी कळपांतले फॉक्सहाउंड. दोघे रक्ताने चुलत भाऊ आहेत, पण त्यांना घडवले आहे एकमेकांच्या अगदी उलट कामासाठी. इंग्रजी नावे सारखी वाटतात म्हणून गल्लत होते हे मान्य. तरीही ‘शिकारी कुत्रे’ या एकाच पोत्यात दोघांना भरले की त्या कायद्याचा वाद वाचकाला कळूच शकत नाही.

आधी कोल्ह्याचे पाहू. इंग्रजीतला ‘फॉक्स’ मराठी बातम्यांत सर्रास कोल्हा होऊन येतो. कोल्हा म्हणजे जॅकल. फॉक्स म्हणजे खोकड. आपल्या माळरानावरचे लहानखुरे, शेपटीचे टोक काळे असलेले खोकड आणि इंग्लंडमधले पांढऱ्या टोकाच्या शेपटीचे तांबडे फॉक्स हे एकाच कुळातले. इंग्लंडच्या रानात कोल्हा नाहीच. इंग्रज अधिकारी मुंबई-पुण्याकडच्या छावण्यांत विलायतेहून फॉक्सहाउंड आणवून घेत आणि इथे त्यांना कोल्ह्यांमागे सोडत, तेवढ्यापुरते ‘कोल्ह्याची शिकार’ हे शब्द अचूक आहेत. इतरत्र खोकडच म्हणावे.

आता तीन नावे. ‘हाउंड ट्रेलिंग’ ही शर्यत. माणसाने ओढत नेलेल्या चिंधीचा वास घेत कुत्रे एकटे डोंगर पालथा घालतात आणि पहिला आला तो जिंकतो. ‘ड्रॅग हंटिंग’मध्येही वास कृत्रिमच असतो, पण कुत्र्यांच्या कळपामागे घोडेस्वार धावतात. खरी मजा स्वाराची, कुंपणांवरून उड्या मारण्याची. तिसरे ‘ट्रेल हंटिंग’, आणि ते वयाने सगळ्यांत लहान. इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांकरवी रानटी सस्तन प्राण्यांची शिकार करण्यावर 2004 च्या हंटिंग अॅक्टने बंदी घातली. कायदा 18 फेब्रुवारी 2005 रोजी अमलात आला, आणि शिकारी कळपांनी आपले कुत्रे, घोडे व हंगाम कायम ठेवून जे सुरू केले ते हे. यात खोकडाच्या मुताचा किंवा तसल्याच प्राणिजन्य वासाचा माग टाकतात. हेतू त्या मंडळींनी कधी लपवला नाही: कुत्र्यांच्या नाकाची खोकडाशी ओळख मोडू नये, म्हणजे उद्या कायदा फिरला तर कळप तयार असेल. वाद पेटला तो यावरच. नाक खोकडाच्या वासाला सरावलेले आणि रानात खोकड आहे, मग कुत्रा चिंधीपाशीच थांबेल याची हमी कोण देणार?

हाउंड ट्रेलिंगचे घर म्हणजे कंब्रिया, सरोवरांचा आणि उघड्या डोंगरांचा प्रदेश. तिथल्या डोंगराला ‘फेल’ म्हणतात. ही शर्यत स्कॉटलंडच्या सीमेलगत आणि आयर्लंडच्या नैऋत्य भागातही चालते, पण तिचे नियम बांधले कंब्रियातल्या लोकांनी. हाउंड ट्रेलिंग असोसिएशन 1906 साली स्थापन झाली. त्याआधी शिकारी कळपांचे मालक हंगाम नसताना आपल्याच डोंगरी फॉक्सहाउंडांची आपसात पैज लावत. म्हणजे शर्यतीचा कुत्रा निघाला शिकारीच्या कुत्र्यातूनच. मात्र नियम ठरले, बक्षिसे आली, पैज लावून घेणारे बुकी मैदानात पाट्या मांडून उभे राहू लागले आणि पैदास वेगळी होत गेली. आज ग्रासमिअरच्या ऑगस्टमधल्या खेळांत कुस्त्या, माणसांची डोंगरधाव आणि कुत्र्यांची ट्रेल एकाच मैदानात होते. आपल्या जत्रेत कुस्तीचा फड आणि बैलगाड्यांचा घाट शेजारी-शेजारी असतो, तसेच ते.

माग टाकायची रीत नीट समजली की दोन कुत्र्यांतला निम्मा फरक आपोआप कळतो. मोठ्या कुत्र्यांची शर्यत सुमारे 10 मैलांची, म्हणजे 16 किलोमीटरची. पहिल्याच हंगामातल्या पिल्लांची 5 मैलांची. लोकरीच्या जुन्या चिंध्यांची मोट बांधून ती अॅनिसीडचे तेल आणि पॅराफिन यांच्या मिश्रणात भिजवतात. पॅराफिन म्हणजे आपले रॉकेल, मेणबत्तीचे मेण नव्हे. अॅनिसीड हे बडीशेपेच्या जातीचे बी, आणि बडीशेपेला जो गोडसर वास येतो तो देणारे अॅनेथोल यात भरपूर असते. हे तेल गार हवेत, साधारण 15 ते 20 अंशांच्या खाली, थिजायला लागते. कंब्रियातला उन्हाळाही पुष्कळदा तेवढाच गार असतो. रॉकेल मिसळले की तेल पातळ राहते, चिंधीत मुरते आणि गवतावर पुसले जाते.

माग टाकणारी माणसे दोन असतात आणि ती सुरुवातीपासून निघत नाहीत, वाटेच्या मध्यापासून निघतात. एक जण चिंधी ओढत सुरुवातीच्या मैदानाकडे येतो, दुसरा शेवटाकडे जातो. पुष्कळदा दोन्ही टोके एकाच मैदानात असतात. एकाच माणसाने 16 किलोमीटरचा डोंगर तुडवायचा म्हटले तर चार-पाच तास जातील आणि पहिल्या मैलांवरचा वास तोवर वाऱ्याने, उन्हाने उडून जाईल. दोघे मध्यापासून निघाले की काम निम्म्या वेळात आटोपते. दोन्ही टोकांना वास ताजा राहतो आणि सर्वांत शिळा भाग मध्यावर येतो, जिथे कुत्रे वेगात आणि लयीत असतात.

इथे एक मौज आहे, ती शिकारीच्या कुत्र्यांना ओळखणाऱ्याच्याच लक्षात येईल. शर्यतीच्या पहिल्या अर्ध्या वाटेवर कुत्रे उलटे धावतात. चिंधी मध्याकडून सुरुवातीकडे आलेली असते आणि कुत्रे सुरुवातीकडून मध्याकडे जातात. म्हणजे पावलागणिक वास शिळा होत जातो. फॉक्सहाउंडाने असे केले तर तो गुन्हा. माग लागल्यावर खोकड कोणत्या दिशेने गेले ते ओळखायचे आणि वास ताजा होत जाईल त्याच बाजूला वळायचे, हे त्याच्या कामाचे मूळ आहे. उलट्या मागावर पळणारा कुत्रा अख्ख्या कळपाला खोकडापासून दूर नेतो. ट्रेल हाउंडाला ही पारख शिकवतच नाहीत. त्याला ठाऊक असलेला नियम एवढाच: वासाची रेघ जिकडे जाते तिकडे जा, जितक्या जोरात जाता येईल तितक्या जोरात.

चिंधी मैदानात पोचते तेव्हा मालक कुत्र्यांना एका रांगेत धरून उभे असतात. कुत्रे इतके ताणलेले असतात की पुढचे पाय हवेत. प्रत्येकाच्या अंगावर आधी रंगाची खूण केलेली असते, कारण डोंगराआड दडवलेला ताजा जुळा कुत्रा अर्ध्या वाटेवर सोडून देणे ही फार जुनी लबाडी. चिंधीवाला रांगेसमोरून जातो, हातरुमाल खाली पडतो आणि कुत्रे सुटतात. त्यानंतर माणसाचा हात त्यांच्यावर नाही. मालक दुर्बीण लावून समोरच्या कड्यावरचे पांढरे ठिपके मोजत राहतात. ठिपके शेवटच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, आले की मैदानात एकच कल्लोळ होतो. शिट्ट्या, हाका, वाडग्यावर आपटलेले चमचे. कुत्र्याने शेवटच्या दोनशे-तीनशे मीटरवर आपल्या माणसाचा आवाज ओळखून सरळ यायचे आणि दोर ओलांडायचा. बक्षिसे बहुधा पहिल्या सहांना.

वेळेचे बंधन मात्र कडक. मोठ्यांची शर्यत 25 मिनिटांच्या आत किंवा 45 मिनिटांनंतर संपली तर ती रद्द. 16 किलोमीटर 30 मिनिटांत म्हणजे ताशी 32 किलोमीटर, तेही चढउतार, दगड, गवताचे गठ्ठे आणि गडगे धरून. 25 मिनिटांच्या आत कोणी आले तर कुत्र्यांनी आडवाट काढली असणार किंवा माग आखूड पडला असणार. 45 च्या पुढे गेले तर माग मध्येच तुटला असणार. अशा वेळी पैज लावून घेणाऱ्यालाच नव्हे, कुणालाच निकाल मान्य होत नाही.

माग तुटतो कसा? दगडी गडगा आला की चिंधीवाला ती उचलून पलीकडे टाकतो, आणि घाईत असला तर दोन-तीन मीटर जमीन कोरी राहते. चिंधी गडग्याच्या माथ्यावरून घासत न्यायची, आणि कुत्र्याला उडी मारता येईल, पलीकडे काटेरी तार नसेल, अशाच जागेवरून न्यायची. ओढा आला की वास वाहून जातो, म्हणून पलीकडच्या काठावर चिंधी नीट दाबून ओढायची. कोरड्या वाऱ्यात ती निम्म्या वाटेतच सुकते, तेव्हा जवळ मिश्रणाची बाटली हवी. मेंढ्यांचा कळप मागावरून गेला तर तुडवलेल्या गवताचा आणि मेंढ्यांचा वास वर बसतो. वारा आडवा असेल तर वास रेघेवर न राहता खालच्या बाजूला सरकतो आणि कुत्रे रेघेपासून दहा-पंधरा मीटर दूर, पण समांतर धावताना दिसतात. नवख्याला वाटते चुकले. ते चुकलेले नसतात.

सगळ्यांत वाईट आखणी म्हणजे जाणारी आणि येणारी वाट दरीच्या दोन अंगांना समोरासमोर ठेवणे. मागे पडलेल्या कुत्र्याला पलीकडच्या उतारावर पुढचे कुत्रे परत येताना दिसतात आणि तो दरी उतरून सरळ त्यांच्यात सामील होतो. त्याला तसे करण्यात काहीच गैर वाटत नाही. हुशार कुत्रा दोन हंगामांत अशा जागा पाठ करतो, म्हणून तेच मैदान असले तरी वाट बदलती ठेवावी लागते. अशी आडवाट काढणारा कुत्रा मालकाचे डोके खातो, कारण धावायची ताकद त्याच्यात असते, फक्त इमान नसते.

आता शिकारीचा कुत्रा. फॉक्सहाउंडाची मोजणी जोडीने होते, साडेबारा जोड्या म्हणजे 25 कुत्रे. ही केवळ बोलायची तऱ्हा नव्हे. तिथे एकट्या कुत्र्याला किंमत नाही, कळपाला आहे. सगळे सारख्या वेगाचे हवेत, धावता कळप एका चादरीखाली झाकता यावा असे त्यांच्याकडे म्हणतात. एकटाच शंभर मीटर पुढे पळणारा फॉक्सहाउंड हा दोष, कारण तो खोकडाला हूल देतो आणि मागच्यांचा माग विस्कटतो. नेमका तोच कुत्रा ट्रेलच्या मैदानात सोन्याच्या मोलाचा ठरेल.

नाकाचेही तसेच. खोकडाचा वास क्षीण असतो आणि दर मिनिटाला बदलतो. जमीन हवेपेक्षा उबदार असेल तर वास वर उठतो आणि कुत्र्यांना तो सहज मिळतो. कोरडा वारा, कडक ऊन, नांगरट, रस्त्याचे डांबर, मेंढ्यांनी तुडवलेले कुरण, या सगळ्यांत तो विरतो. मग कळप अडखळतो. त्या क्षणी चांगला फॉक्सहाउंड उधळत नाही. कुत्रे पंख्यासारखे पसरतात, नाक जमिनीला, आणि शेवटचा वास जिथे सुटला तिथून अर्धवर्तुळात शोध घेतात. नाहीच सापडला तर कळपाचा हंट्समन त्यांना शिंगाच्या आणि हाकेच्या इशाऱ्यावर पुढच्या बांधापर्यंत नेऊन पुन्हा शोधायला लावतो. माणूस आणि कळप यांची ही देवघेव दिवसभर चालते. ट्रेल हाउंडाला असले धिम्या हाताचे काम नको असते. अॅनिसीडचा वास इतका ठसठशीत असतो की मान वर ठेवूनही तो लागतो. धापा टाकणाऱ्या कुत्र्याला हुंगणे अवघड जाते, श्वास एक तर शरीर गार करायला वापरायचा नाही तर वास घ्यायला. क्षीण वासावर धावणाऱ्याला म्हणून वेग आवरावा लागतो. ठसठशीत वासावर धावणारा तोंड उघडे ठेवून पूर्ण वेगाने जाऊ शकतो. ट्रेल हाउंडाचे नाक कमी असते असे काहीजण म्हणतात ते अर्धवट आहे. नाक असते, पण पैदाशीत त्याची निवड झाली नाही, वेगाची झाली.

आवाजाबाबत तर दोघे परस्परविरुद्ध. फॉक्सहाउंडाने मागावर बोललेच पाहिजे. धुक्यात, जंगलात, डोंगरापलीकडे कळप कुठे आहे हे त्याच्या ओरडण्यावरूनच कळते, आणि अनुभवी हंट्समनला कोणता कुत्रा बोलला त्यावरून माग खरा की खोटा हेही कळते. मुका कुत्रा निरुपयोगी. वास नसताना ओरडणारा त्याहून वाईट, त्याला आपण बडबड्या म्हणू, कारण त्याच्या एका खोट्या हाकेने वीस कुत्रे भलतीकडे धावतात. ट्रेल हाउंड बहुधा मुकाट धावतो. भुंकण्यात श्वास जातो, आणि त्याची हाक ऐकायला डोंगरावर कुणी नसतेच.

शरीर पाहिले तर प्रदर्शनातला इंग्लिश फॉक्सहाउंड खांद्याशी 58 ते 64 सेंटिमीटर, जाड हाडाचा, सरळ पायांचा, मांजरासारख्या गोल घट्ट पंजाचा. मऊ कुरणांत घोड्यांपुढे दिवसभर धावण्यासाठी तो बांधा जुळवलेला. कंब्रियातले डोंगरी शिकारी कळप, म्हणजे ब्लेनकॅथ्रा, अल्सवॉटर, मेलब्रेक, कॉनिस्टन वगैरे, यांनी तो नाकारला. कड्यांवर घोडा चालत नाही, तिथले शिकारी पायीच जात. त्यांना हवा होता हलका, पुढच्या बोटांनी खडक धरणारा, सशासारख्या लांबट पंजाचा कुत्रा. कॅल्डबेकचा प्रसिद्ध शिकारी जॉन पील (1776–1854) ज्या मुलखात शिकार करी तोच हा. ट्रेल हाउंड उतरला आहे तो या हलक्या डोंगरी कुत्र्यांतून, आणि मग आणखी बारीक झाला: लांब मान, खोल छाती, आत गेलेले पोट, अंगावर चरबीचा पत्ता नाही. रस्त्याने जाणाऱ्याला वाटते उपाशी ठेवला आहे. शर्यतीच्या हंगामात त्याचे केसही भादरतात. अर्ध्या तासाच्या भन्नाट धावेत अंग इतके तापते की जाड केसांत उष्णता अडकून कुत्रा कोसळू शकतो. हिवाळ्यात पावसात, बर्फात सहा-सात तास काम करणाऱ्या फॉक्सहाउंडाचे केस कुणी भादरणार नाही.

हिवाळा म्हटले तेव्हा हंगामाचे सांगतो, कारण छायाचित्रावरून ओळखायला ही खूण सर्वांत सोपी. शिकारीचा मुख्य हंगाम नोव्हेंबर ते मार्च. त्याआधी ऑगस्टपासून कोवळ्या कुत्र्यांना तयार करण्याचे दिवस. पूर्वी यात खोकडाच्या पिल्लांवर त्यांना शिकवत असत. ट्रेलिंग साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. हिरवे गवत, शर्टातली माणसे, भादरलेली कुत्री दिसली तर ती शर्यत. घोडा नाही म्हणून शर्यत, असे मात्र ठरवू नये, डोंगरी शिकारीतही घोडा नसतो. टेरियर जातीचे छोटे कुत्रे दिसले तर शंका घ्यावी. टेरियर बिळात शिरून खोकड बाहेर काढतो. चिंधी बिळात जात नाही.

राहणीतही तोच फरक. फॉक्सहाउंडाचे पिल्लू आठ-दहा आठवड्यांचे झाले की एखाद्या शेतकऱ्याकडे वाढायला देतात. तिथे ते कोंबड्या, मेंढ्या, मोटारी यांना सरावते आणि वर्षाच्या आसपास कळपात परतते. पुढचे आयुष्य सामायिक खोलीत, सामायिक कुंडीवर. खाणे पारंपरिकरीत्या शेतांवर मेलेल्या जनावरांचे कच्चे मांस. शेतकऱ्याचे मढे उचलले जाते आणि कळपाचे पोट भरते, म्हणून गावाशी नाते टिकते. पण कच्च्या मांसात धोका आहेच, गायीचा क्षय शिकारी कळपात शिरल्याचे अलीकडच्या वर्षांतले उदाहरण आहे. ट्रेल हाउंड राहतो एका घरात, बहुधा चुलीसमोर. त्याच्या मांस, अंडी, ओट यांच्या मिश्रणाचे प्रमाण प्रत्येक घराचे गुपित असते. लांब धावेत कुत्र्याचे स्नायू पिठापेक्षा चरबीवर जास्त चालतात, म्हणून खाण्यात चरबी आणि प्रथिने भरपूर, आणि शर्यतीच्या दिवशी पोट जवळपास रिकामे. भरल्या पोटी धावला तर ओकतो, पोटाला पीळ पडला तर जिवावर बेततो.

त्याला शिकवतात ते वाडग्यावर. काही महिन्यांचे पिल्लू एकाने धरायचे, दुसऱ्याने चिंधी ओढत पन्नासेक मीटर जायचे आणि पिल्लाला दिसेल अशा जागी वाडगा ठेवून शिट्टी वाजवायची. मग अंतर वाढवायचे. मग वळण द्यायचे, म्हणजे वाडगा दिसत नाही आणि नाक वापरावेच लागते. मग एक बुटका गडगा, मग दुसरे पिल्लू सोबत. घाई केली तर दोन गोष्टी बिघडतात. लवकर लांब पल्ला दिला तर पिल्लू मधेच कंटाळून परत येते आणि ती सवय आयुष्यभर जात नाही. नेहमी दुसऱ्या कुत्र्यासोबत सोडले तर ते नाकाने नव्हे, डोळ्याने पुढच्याच्या शेपटीमागे धावायला शिकते. असा कुत्रा दुसरा-तिसरा येईल, पहिला क्वचितच. मेंढ्यांकडे न पाहणे हे दोघांनाही सक्तीचे. मेंढीमागे लागलेल्या कुत्र्याला डोंगरावर दुसरी संधी मिळत नाही, मग तो शिकारीचा असो की शर्यतीचा.

काम संपल्यावरचा भाग अप्रिय आहे, तरी गाळू नये. फॉक्सहाउंड सहा-सात हंगाम चालतो. कळपात वाढलेला असल्याने घरात रुळत नाही, या कारणाने तो बहुधा मारला जातो. ट्रेल हाउंड घरचाच असतो, म्हातारपणही घरातच काढतो. अर्थात शर्यतीत न चालणाऱ्या पिल्लांचे काय, हा प्रश्न तिथेही विचारावा लागतो, जसा शर्यतीच्या प्रत्येक जनावराबाबत विचारावा लागतो.

कायद्याने रेघ कुठे ओढली ते स्कॉटलंडकडे पाहिले की स्वच्छ दिसते. तिथल्या 2023 च्या कायद्याने ट्रेल हंटिंग बंद केले आणि त्याची व्याख्याच प्राणिजन्य वासावर बेतली. अॅनिसीड आणि रॉकेल त्या व्याख्येत बसत नाही. इंग्लंडमधल्या नॅशनल ट्रस्टने 2021 च्या ऑक्टोबरातल्या सभासदांच्या मतदानानंतर आपल्या जमिनींवर ट्रेल हंटिंगला परवाने देणे थांबवले. कंब्रियातले कितीतरी डोंगर या संस्थेच्या ताब्यात आहेत. म्हणजे प्रश्न ‘कुत्र्याने वासावर धावावे का’ हा नाही. प्रश्न तीन: चिंधीवर काय आहे, ती कुठून गेली हे कळप चालवणाऱ्याला ठाऊक आहे का, आणि कुत्रे चुकले तर त्यांना थांबवायला कोण आहे. ट्रेल हंटिंगमध्ये खऱ्या शिकारीसारखे वाटावे म्हणून पुष्कळदा हंट्समनला माग कुठे टाकला ते सांगतच नाहीत. मग समोर ओरडत निघालेला कळप चिंधीमागे आहे की खोकडामागे, हे त्याला स्वतःलाही खात्रीने सांगता येत नाही, आणि न्यायालयात नेमका तोच बचाव होतो. ट्रेलच्या शर्यतीत वाट आधी ठरलेली, शेतकऱ्यांची परवानगी घेतलेली आणि दोन माणसांनी पायाखाली घातलेली असते.

आणखी एक गल्लत आपल्याकडच्या वाचकाची होऊ शकते. शिकारी कुत्रा म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे कारवान येतो, ज्याला मुधोळ संस्थानामुळे मुधोळ हाउंडही म्हणतात. तो या दोघांपैकी कुणाचाच भाऊ नाही. तो डोळ्याने शिकार करतो. माळावर ससा दिसला की सुटतो, एक-दीड मिनिटात झडप घालतो किंवा सोडून देतो. अॅनिसीडच्या रेघेवर त्याला 16 किलोमीटर धाडले तर तो पहिल्या वळणावर मान वर करून उभा राहील. सशामागे त्याला सोडणे आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा इंग्लंडच्या वादात कारवानचे उदाहरण देणाऱ्याने आधी नाक आणि डोळा यांतला फरक करावा.

तेव्हा एवढीच विनंती: मथळ्यातला ‘कोल्हा’ काढून ‘खोकड’ करावे, ‘शर्यतीच्या’ हा शब्द गाळावा, आणि चित्राखाली ‘कंब्रियातील हाउंड ट्रेलिंग, बंदीशी संबंध नाही’ अशी ओळ दुरुस्तीत द्यावी. चित्र बदलायचेच असेल तर हिवाळ्यातले, शिंग हातात घेतलेल्या हंट्समनचे आणि न भादरलेल्या कळपाचे शोधावे.

कळावे,

एक वाचक
केंडल, कंब्रिया (इंग्लंड)